बाग पूर्व

मेट्रोच्या नव्या मार्गावर स्थानकांना नावं देणं हे माझं काम. नावं ठेवायला सगळेच तयार असतात, द्यायला मी एकटा.

मोठ्या बागेच्या दोन टोकांना दोन स्थानकं. मी नावं दिली ‘बाग पूर्व’ आणि ‘बाग पश्चिम’ आणि स्वतःवरच खूश झालो. साहेबांनीही मान डोलावली.

माझ्या आत्याला अंधुक दिसतं. तिची जिवाभावाची मैत्रीण बागेच्या पूर्वेला राहते, तिच्याकडे आत्याला एकटीनं जायचं होतं. ‘एकदा जरी चुकलीस तरी एकटीनं फिरणं बंद,’ असं आतेभावानं, म्हणजे दादानं, बजावलं होतं.

चाचणीच्या गाड्यांमधून आमच्या घरच्यांना फिरवणार होते. आत्या गाडीत बसली, मी बाग पूर्वच्या फलाटावर थांबलो. गाडी आली, दारं उघडली, मिटली. आत्या खिडकीत निवांत बसून पुढे निघून गेली!

मागच्या गाडीनं धावतपळत गेलो, तर ती शेवटच्या स्थानकावर बाकावर बसलेली.

“अगं, उतरली का नाहीस?”

“बाग पूर्व म्हणजे बागेच्या आधीचं ना? लग्नपूर्व म्हणतात तसं. म्हटलं, बाग आली की उतरू. मग पश्चिम म्हणाले आणि माझा गोंधळच उडाला.” मग हळूच म्हणाली, “दादाला सांगू नकोस हं.”

मला स्वतःचाच राग आला. चूक माझी आणि घाबरली होती ती.

“मैत्रीण पत्ता काय सांगते गं?”

“पाण्याच्या टाकीजवळ. दुसरं काय सांगणार?”

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्यावर उखडले. “टाकी? स्थानकाला काही शान हवी की नको?”

“साहेब, तिथं शान नाही उतरणार, माणसं उतरणार.”

सही घ्यायला आलेला गाडीचालक मध्येच बोलला, “आम्ही तर टाकीच म्हणतो, साहेब.” साहेबांनी कपाळावर हात मारला, पण पाटी बदलली. पश्चिमेचं नुसतं ‘मोठी बाग’ झालं.

मार्ग सुरू झाला त्या दिवशी मी आत्याच्या मागे, तीन बाकं सोडून, गुपचूप बसलो.

“पुढील स्थानक, पाण्याची टाकी.”

आत्या लगेच उठली. दार उघडताच उतरली आणि मागे वळून म्हणाली, “मघापासून खाकरतोयस. औषध घे आणि कामाला जा. मी काही चुकत नाही आता.”

दारं मिटली. मला मोठ्या बागेला उतरायचं होतं. आनंदाच्या भरात मीच शेवटच्या स्थानकापर्यंत गेलो.