खुर्चीवर चढलेली सतरंजी

पाय ठेवण्याआधी तेवढ्या चपला काढा, मित्रांनो. रागावू नका, जुनी सवय आहे. आयुष्याची पहिली बरीच वर्षं मी देवाच्या दारात अंथरलेली होते, त्यामुळे चपलेचा आवाज आला की आजही माझं सूत न् सूत दचकतं. होय, मी सतरंजीच. लाल-निळ्या पट्ट्यांची, पंधरा हात लांब, एका कोपऱ्याला उंदरानं कुरतडलेली. माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल, हिला सांगण्यासारखं काय असणार? पण मी चाकूरच्या विरंगुळा मंडळाची सतरंजी आहे, आणि हे मी मान ताठ करून सांगते.

माझा जन्म देगलूरकडच्या एका हातमागावर झाला. माझा विणकर धागे तेलुगूत मोजायचा, बायकोशी मराठीत बोलायचा आणि माग अडकला की कन्नडात चिडायचा. अशा तीन भाषा मी जन्माआधीच ऐकल्या. माग अरुंद होता. म्हणून माझे दोन लांब पट्टे वेगवेगळे विणले आणि मग दाभणानं, जाड दोऱ्यानं मधोमध शिवून एक केले. ती शिवण पाठीच्या कण्यासारखी माझ्या अंगभर गेलेली होती. "ही न्हाई उसवायची, मी मेलो तरी," असं विणकर म्हणाला होता. मला त्या शिवणीचा फार तोरा होता.

चाकूरच्या एका देवळानं मला घेतलं आणि माझं भाग्य उजळलं. सप्ताह बसला की मी बुवांच्या पुढ्यात अंथरलेली असायची. टाळकऱ्यांच्या पायांचा ठेका मी अंगावर झेललाय. कीर्तन रंगलं की माणसं डोलतात, आणि माणसं डोलली की त्यांच्याखालची सतरंजीही तसूतसूनं पुढे सरकते. सप्ताह संपेपर्यंत मी विणेकऱ्यापर्यंत पोचलेली असायची! एकदा कुणी उशिरा आलेली बाई दारातच अवघडून उभी होती. बुवा मधेच थांबले आणि म्हणाले, "मायबाप, देवाच्या दारी जागा नाही असं होत नसतं. फक्त बसलेल्यांनी सरकावं लागतं." सगळे हसले, सरकले. ती बाई बसली आणि अभंग पुन्हा सुरू झाला.

पुढे देवळात हिरवं गालिच्यासारखं कार्पेट आलं. मला गुंडाळून मागच्या खोलीत ठेवलं. शेजारी एक फुटका भोंगा आणि पाठीवर रिकामी पिंपं. तीन वर्षं मी फक्त भिंतीपलीकडून गजर ऐकला. कोपरा कुरतडला गेला तो तेव्हाच. मित्रांनो, फाटल्याचं दुःख नसतं एवढं. आपल्याविना सगळं नीट चाललंय हे ऐकू येण्याचं असतं.

मला तिथून बाहेर काढलं सुदामनं. सुदाम शाळेत शिपाई होता. निवृत्तीनंतर पहाटे देऊळ झाडायचा. त्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक किशनराव यांनी तेव्हा विरंगुळा मंडळ काढलं होतं. बावीस जणांचं मंडळ. त्यात निवृत्त कारकून होते, इंजिनियर होते, शेतीवाडी मुलांच्या हाती सोपवलेले होते आणि साताठ बायकाही होत्या. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी टेम्पो ठरवायचा, कुठंतरी फिरून यायचं आणि दुपारी लातूर-नांदेड रस्त्यावरच्या रामलिंगच्या ढाब्यावर जेवायचं, एवढाच मंडळाचा उद्योग. सहलीत झाडाखाली टेकायला काहीतरी हवं, म्हणून सुदामनं मला देवळातून मागून आणलं, धुतलं आणि दोन दिवस उन्हात टाकलं.

पहिली सहल वडवळ नागनाथच्या बेटावर, म्हणजे तिथल्या वनौषधींच्या टेकडीवर गेली. तिथून सगळे भुकेजून ढाब्यावर आले. तेव्हा रामलिंगकडे खुर्च्या नऊच. ज्यांना साहेब म्हणवून घ्यायची सवय होती त्यांनी त्या पटकावल्या. बाकीचे ओट्यावर, दगडावर बसले. बायका पदर सावरत भिंतीशी गेल्या. आणि सुदाम हातात पाण्याचा जग घेऊन उभा!

"सुदाम, तू का उभा?" किशनरावांनी विचारलं.

"सवय हाय सर."

"बस की मग."

"तुमी खुर्चीवर असताना? न्हाई जमायचं सर. पाय आपसूकच उभे राहतात माझे."

किशनराव हातातला घास ताटात ठेवून उठले. टेम्पोतून मला काढायला सुदाम धावला, तर म्हणाले, "तू नको. आजवर शाळेत सगळ्या सतरंज्या तूच उचलल्यास. ही मी अंथरणार." त्यांनी मला ढाब्याच्या मांडवात अंथरलं आणि सगळ्यांना खाली बोलावलं. त्या दिवसापासून मंडळाचा नियम झाला, खुर्ची नाही. सगळ्यांनी एका सतरंजीवर बसायचं. आणि मला अंथरायचा, उचलायचा, झटकायचा मान फक्त अध्यक्षांचा. सभा संपली की सतरंज्या कोण उचलतं हे तुम्ही पाहिलं असेलच. माझी घडी मात्र मुख्याध्यापकांनी घातली आहे!

मंडळातल्या रुक्मिणबाईंनी त्या दिवशी पहिला घास खाल्ला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पन्नास वर्षं भाकरी थापली मी. दुसऱ्यानं थापलेली गरम भाकरी आज बसून खायला मिळाली बगा. कडेला कच्ची हाय जराशी, पर लई ग्वाड."

"कच्ची न्हाई हो मावशी!" भट्टीवरून रामलिंग ओरडला.

"हाय की! उद्या येते शिकवायला."

अशी चार वर्षं गेली. खरोशाची लेणी झाली, औशाचा किल्ला झाला, देगलूरजवळच्या होट्टल गावचं जुनं देऊळ झालं. दुपारी ताटात निलंगा राईस, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आणि जेवणानंतर साखराबाईंचा गजर. साखराबाई अंगणवाडीत होत्या. आयुष्यभर त्यांनी पोरांना गाणी शिकवली होती आणि उरलेल्या वेळात कीर्तनं ऐकली होती. मधोमध मांडी घालून, डोळे मिटून त्या सुरुवात करायच्या आणि बावीस जणांच्या टाळ्या एका लयीत पडायच्या. मी पुन्हा तसूतसूनं सरकायला लागायची. मित्रांनो, देऊळ सुटलं होतं, पण कीर्तन सुटलं नव्हतं.

मग साखराबाईंचे गुडघे गेले. लातूरला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालणं सुधारलं, पण डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जमिनीवर बसायचं नाही.

पुढच्या सहलीला त्या आल्या नाहीत. उपास आहे म्हणाल्या. त्याच्या पुढच्या वेळी पाहुणे आले होते. तिसऱ्या वेळी डोकं दुखत होतं. माझ्यावर मधोमध एक जागा मोकळी राहायची आणि जेवणानंतर सगळे नुसते बडीशेप चघळत बसायचे. कुणी म्हणालं, "साखराबाई मोठ्या झाल्या आता." मी ऐकलं आणि माझा कुरतडलेला कोपरा पुन्हा दुखला.

चौथ्या वेळी रुक्मिणबाई त्यांना घरून ओढूनच घेऊन आल्या. ढाब्यावर किशनरावांनी मला अंथरलं, सगळे बसले. रामलिंगनं आपणहून एक खुर्ची आणून कडेला ठेवली. आता त्याच्याकडे खुर्च्या भरपूर होत्या, भिंतीशी चळत लावलेली होती. साखराबाई त्या खुर्चीवर बसल्या. ताट मांडीवर घेतलं. एकवीस जण खाली आणि त्या एकट्या वर. कुणाशी बोलायचं तर त्यांना वाकावं लागायचं आणि खालच्याला मान वर करावी लागायची. सुदाम त्यांना चटणी वाढायला गेला आणि बोलता बोलता सवयीनं कमरेत वाकला. साखराबाईंनी ते पाहिलं. त्यांनी ताट खुर्चीवर ठेवलं आणि जाऊन टेम्पोत बसल्या. भाकरीचा तुकडाही मोडलेला नव्हता.

रुक्मिणबाई मागोमाग गेल्या. टेम्पो हातभर अंतरावर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं साखरा, कामून उठलीस? जेव की."

"बुवांच्या समोर खुर्ची टाकून बसल्यावानी वाटलं गं. माझ्यापुढं माणसं वाकायलेत. सरांना सांग, माझं नाव काढा म्हणावं."

"येडी का काय?"

"न्हाई गं. त्यांचा नियम खरा हाय. माझे गुडघेच खोटे हायत."

रुक्मिणबाईंनी येऊन हा निरोप जसाच्या तसा सांगितला. किशनरावांचा चेहरा उतरला, पण ते नमले नाहीत. "मला काय वाईट वाटत नाही?" ते म्हणाले. "पण एकाला खुर्ची दिली की उद्या दुसरा मागेल. परवा पुन्हा नऊ जण वर आणि बाकीचे भिंतीशी. हा नियम मी उगीच केला नाही. सुदाम, तुझ्यासाठी केला होता."

सुदाम हात धुऊन उभा होता. चार वर्षांत मी त्याला सरांसमोर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही चढवला नाही. हळूच म्हणाला, "माझ्यासाठी केला ना सर? मग मोडायची परवानगी बी मीच देतो."

"आणि मग बसायचं कशावर? सगळ्यांनी सुट्या सुट्या खुर्च्यांवर? मंडळ कुठं राहिलं त्यात?"

सुदाम खाली बसला आणि माझ्या मधल्या शिवणीवर बोट फिरवायला लागला. त्याच्या मनात काय आलंय हे मला लगेच कळलं. खोटं कशाला सांगू, मी घाबरले. माझा कणाच तो! "ताटं उचला जरा," तो सगळ्यांना म्हणाला. मग रामलिंगकडून सुरी मागितली.

"अरे सुदाम, फाडतोस की काय!" कुणीतरी ओरडलं.

"फाडत न्हाई. उसवतोय."

टक, टक, टक असे एकेक टाके तुटत गेले. दुखलं नाही असं नाही. पण टेम्पोच्या खिडकीत साखराबाईंचा हात दिसत होता. मांडीवर ठेवलेला तो हात टाळी विसरल्यासारखा पडला होता. मग मी अंग सैल सोडलं. विणकराचा तो पक्का दोरा शेवटच्या टाक्यापर्यंत निघून आला आणि मी एकीची दोन झाले.

सुदामनं भिंतीशी असलेल्या खुर्च्या ओढल्या. अकरा इकडे, अकरा तिकडे, समोरासमोर, खेटून, दोन ओळी. मग माझ्या एका पट्ट्याचं टोक हातात घेऊन उभा राहिला आणि थबकला. "सर," तो म्हणाला, "सतरंजी अंथरायचा मान तुमचा हाय."

किशनरावांनी उठायला हात टेकला. एक पाय मुडपला, दुसरा अडकला. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. तेव्हा त्यांच्याही गुडघ्यातून जो आवाज आला तो सगळ्यांनी ऐकला.

"सर, वर्षभर हेच चाललंय तुमचं," रुक्मिणबाई म्हणाल्या. "आमी काय आंधळ्या हाव का?"

"नियम माझाच ना," किशनराव ओशाळून म्हणाले. "मीच कसा सांगणार?"

आणि मंडळ असं हसलं, मित्रांनो, की भट्टीवरचा रामलिंगही हसायला लागला, काय झालं ते न कळताच.

किशनरावांनी मला अंथरलं. एक पट्टा या ओळीवर, एक त्या ओळीवर. बावीस खुर्च्या माझ्याखाली झाकून गेल्या. कुठली साहेबाची आणि कुठली शिपायाची, काही ओळखू येईना. जन्मभर मी जमिनीला पाठ लावून होते. त्या दुपारी पहिल्यांदा मी वर आले, आणि बावीस माणसांना माझ्याबरोबर वर घेऊन आले.

किशनराव स्वतः टेम्पोपाशी गेले. "चला साखराबाई. सतरंजी अंथरलीय."

"खाली न्हाई बसता येत ओ सर मला."

"मलाही नाही येत. चला."

त्या मांडवात आल्या. दोन ओळी पाहिल्या, माझा उसवलेला काठ हातानं चाचपला. "हिला काय केलाव रे तुमी?" त्या पुटपुटल्या.

"तुमच्यासाठी जागा केली अक्का," सुदाम म्हणाला, आणि आधी स्वतः बसला. किशनरावांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर. त्याचे पाय काही उभे राहिले नाहीत. मग साखराबाई मधोमध बसल्या. रामलिंगनं त्यांचं ताट बदलून गरम भाकरी आणली. त्यांनी तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. मग डोळे टिपत म्हणाल्या, "चटणीच तिखट हाय बरं का," आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी माझे दोन्ही उसवलेले काठ घरी नेऊन लाल दोऱ्यानं दुमडून शिवले. आता मी दोन आहे, आणि पहिल्यापेक्षा जास्त कामाची आहे. परवा नांदेडच्या एका मंडळानं विचारलं म्हणे, असली लांब सतरंजी कुठं मिळते. मिळत नसते, मित्रांनो. करावी लागते.

मला एकच मागायचंय तुमच्याकडे. माझी काळजी घ्या, पण मला जपून ठेवू नका. उन्हात घाला, झटका, धुवा, आणि अंथरा. कुणी कडेला अवघडून बसलेलं दिसलं तर आपला नियम त्याला सांगत बसू नका, मला तिथवर ओढून न्या. उसवायची वेळ आली तर खुशाल उसवा. फक्त टाके एकेक करून काढा, ओरबाडू नका.

आणि खुर्च्यांवर मला अंथरून बसलात की एक लक्षात ठेवा. एकजण उठायला लागला की मी त्याच्याबरोबर घसरते. म्हणून साखराबाई उठायला निघाल्या की डावीकडून सुदाम आणि उजवीकडून रुक्मिणबाई तळवा माझ्यावर घट्ट दाबून धरतात. त्या सावकाश उभ्या राहतात, तोल सावरतात, आणि मग दोघं हात काढतात. तोवर ओळीतलं कुणी हलत नाही.