सरोजकाकूंनी मागितलेला वास

मित्रांनो, दचकू नका. माझ्या पोटात विस्तव ठेवतात आणि तरीही मी जळत नाही. मी तंबाखू ओढायचा एक जुना पाइप आहे. चंडीमंदिरच्या फौजी वसाहतीत, कर्नल गुरुनाथ परचुरे यांच्या दिवाणखान्यात सध्या माझा मुक्काम आहे.

माझा जन्म फार दूरचा. भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ डोंगरांवर एक काटक झुडूप वाढते. वणवा आला की त्याच्या फांद्या जळून खाक होतात, पण बुंध्यापाशी जमिनीत दडलेली गाठ तशीच राहते आणि पुन्हा हिरवे कोंब काढते. त्या गाठीचे मी लेकरू. कारागिरांनी मला तासन्‌तास उकळले, कित्येक महिने सावलीत सुकवले. मग कोरून एक वाटी केली, धूर जायला बारीक नळी पाडली आणि दातांत धरायला काळी तोंडी बसवली. आगीत टिकणारे लाकूड! मला स्वतःलाच याचे अजून नवल वाटते.

माझे पहिले धनी कर्नल श्रीराम दातार. शांतिसेनेच्या कामावरून परतताना त्यांनी मला आणले. मला पेटवणे हा त्यांचा सोहळाच असे. धुरावर वाळवलेली काळीभोर तंबाखू ते चिमटीचिमटीने भरत, खाली सैल, वर जरा दाबून. पहिली काडी नुसता चटका द्यायला. मग अंगठ्याने हलकेच दाबायचे आणि दुसरी काडी ओढायची. घाई केली की जीभ पोळलीच म्हणून समजा. चिडलेल्या माणसाला पाइप ओढता येत नाही, असे ते म्हणत. कोणाला फैलावर घ्यायचे असले की ते आधी मला पेटवत, आणि वाटी संपेपर्यंत त्यांचा राग निम्म्यावर येई. वीस वर्षांत माझ्या वाटीला आतून काजळीचा जाड थर चढला. त्या थराचा मला फार अभिमान होता.

मग डॉक्टरांनी तंबाखू बंद केली, आणि बंद करूनही साहेब गेले. त्यात माझा वाटा किती, मला ठाऊक नाही. तो प्रश्न मला आजही सोडत नाही.

त्यांच्या पत्नी सरोजकाकूंनी मला कपाटात पदकांशेजारी ठेवले. बारा वर्षे मी तिथे होतो. अधूनमधून काकू कपाट उघडत, मला नाकाशी धरत आणि परत ठेवत. पुढे त्या इथून जवळच्या एयरोसिटी वसाहतीत मुलाकडे राहायला आल्या. डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी गुरुनाथांना बोलावून घेतले. गुरुनाथ दातारसाहेबांच्या पलटणीत नवे लेफ्टनंट म्हणून आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी काकूंना "मॅम" म्हटले, तेव्हा "ते मॅम घाल चुलीत, काकू म्हण," असे त्यांना बजावण्यात आले होते.

"माझ्यामागे हा भंगारात जाईल रे," काकू म्हणाल्या. "तुला पाइपांचं वेड आहे. तू ने."

वेड म्हणजे काय, वेडच! गुरुनाथांकडे अडतीस पाइप. कोणी मातीचा, कोणी मक्याच्या कणसाचा, तर कोणी पांढऱ्या दगडाचा, धूर पिऊन पिऊन मधाच्या रंगावर गेलेला. ओढायचा मात्र फक्त रविवारी, एकच, तोही पाळीपाळीने. बदली झाली की प्रत्येकाला लोकरी फौजी मोज्यात घालून ट्रंकेत निजवायचे. "माझ्या लोणच्याच्या बरण्या फुटल्या तरी चालतील, यांच्या पाइपांना ओरखडा येता कामा नये," असे त्यांच्या पत्नी रागिणी सगळ्यांना ऐकवतात.

जुना पाइप घरात आला की संग्राहकांची एक रीत असते. सुरीने काजळी खरवडायची, वाटीत मीठ भरायचे आणि वर दारू ओतायची. मीठ जुना वास ओढून घेते. गुरुनाथांनी कॅन्टीनची रम घेतली आणि माझेही तेच केले. फार मायेने केले हो! दुसऱ्या दिवशी मीठ काढले, तेव्हा ते काळपट झाले होते. मग मला मेण लावून घासले. मी इतका चकचकीत जन्मात कधी नव्हतो.

महिन्याभराने, जानेवारीतल्या एका रविवारी, काकू जेवायला आल्या. जेवणे झाल्यावर मंडळी लॉनवर उन्हात बसली.

"गुरू, जरा ह्यांचा पाइप दे," काकू म्हणाल्या. "आज ह्यांचा वाढदिवस."

त्यांनी मला नाकाशी धरले. बराच वेळ धरले.

"हा तो नाही."

"तोच आहे, काकू."

"मग ह्यांचा वास कुठे गेला?"

गुरुनाथांची लेक चिन्मयी नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत रसायनशास्त्रात संशोधन करते. तिला मराठी सगळे कळते, पण बोलते हिंदीतच. ती हळूच म्हणाली, "बाबा, इसमें भी नमक और रम डाला था क्या?"

गुरुनाथांचे कान लाल झाले. "काकू, चुकलो. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"असू दे रे. तुला काय ठाऊक," काकू म्हणाल्या. पण त्यांचा अंगठा माझ्या वाटीवरून फिरत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्याजवळ दुसरे होते तरी काय?

"लकड़ी में कुछ तो रहता है, बाबा," चिन्मयी म्हणाली. "गरम करके देखो. पक्का नहीं बोल सकती."

गुरुनाथांनी साहेब ओढत तसलीच काळी तंबाखू भरून मला पेटवले. धूर काकूंकडे गेला. त्यांनी मान हलवली. "ही नवी आहे."

अर्धी वाटी संपली, पाऊण संपली. तळ कडवट लागतो, म्हणून एरवी गुरुनाथ इथे थांबतात. आज ते थांबले नाहीत. सावकाश, जिवापाड जपून ओढत राहिले. ऊब माझ्या तळाशी, सुरीचे टोक न पोचलेल्या जागी गेली. आणि काय सांगू मित्रांनो, माझ्या लाकडाच्या रेषारेषांतून काहीतरी सुटून वर येऊ लागले. तो वास मी ओळखला आणि थक्क झालो.

काकूंनी डोळे मिटले. पदर सारखा केला आणि त्या ताठ बसल्या.

"आले वाटतं," त्या म्हणाल्या.

गुरुनाथ खुर्चीतून उठले आणि सावधान उभे राहिले.

मित्रांनो, तंबाखूच्या नादी लागा, असे मी मुळीच सांगणार नाही. त्याची किंमत मी पाहिली आहे. पण घरातली जुनी वस्तू घासायला घ्याल, तेव्हा आधी तिच्या माणसाला विचारा. आणि एखादी वस्तू रिकामी झाली, असे इतक्यात ठरवू नका. माझ्या तळाशी साहेब उरले होते, हे मलासुद्धा ठाऊक नव्हते.