पुढल्या जन्मीचं मागणं

कुरुणेगलच्या रानातले सुमेध भंते अर्हत झाले, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटले, अशी कुजबुज चिलावच्या बाजारापर्यंत पोचली आणि पोडीहामीनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. भंते म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. चीवर घालून गेला, त्याला बावीस वर्षं झाली.

शेजारची मर्सलीन मासे विकायची, रविवारी न चुकता चर्चला जायची. ती म्हणाली, "अक्के, तोंड का पाडलंयस? आमच्यात कुणाचा पोरगा संत ठरला असता तर आई गावभर मिरवली असती!"

"तुमचं बरं आहे गं. तुमचा संत मेला तरी वर असतोच. नवस बोललीस की ऐकतो, तू गेलीस की भेटतो. आमचा अर्हत गेला की संपलं. विझलेली ज्योत कुठे गेली, असं विचारायचंसुद्धा नाही."

रोज फुलं वाहताना पोडीहामी एकच मागत आली होती, पुढल्या जन्मी तो पुन्हा माझ्याच पोटी येवो. आता तो जन्मच नसेल तर वाट कुणाची बघायची? आणि लेक मुक्त झाला म्हणून आईनं रडावं, याची तिला लाजही वाटत होती.

पौर्णिमेला तिनं कोवळ्या फणसाची भाजी केली आणि बस धरली. भांडं सांभाळायला मर्सलीन सोबत आली.

रानातल्या टेकडीवर गुहेपुढे रांग होती. पोडीहामीनं वाढलं, गुडघे टेकून नमस्कार केला. भंतेंनी भाजी भातात कालवली, इतरांच्या आमटीसकट. तिची वेगळी चव उरलीच नाही.

"भंते, लोक म्हणतात ते खरं का?"

"लोक बरंच म्हणतात, उपासिके."

"पुढल्या जन्मी तुम्ही माझ्या पोटी यावं, असं मी मागते."

त्यांचा हात पात्रातच थांबला. ते म्हणाले, "मागू नका, असं मी म्हणणार नाही. पण मी न येण्यासाठीच इथे बसलोय."

आवाज मऊ होता, अगदी लहानपणीचा.

उतरताना मर्सलीननं विचारलं, "काय म्हणाला?"

वाटेवरच्या बोधिवृक्षापाशी पोडीहामी थांबली, हात जोडले.

"तो सुटो," ती म्हणाली. मग पारावर कपाळ टेकून हळूच पुटपुटली, "पण एवढ्यात नको."