मॉरिस फेलनची पदकं

सोबत राहणारी मैत्रीण तन्वी नोकरीसाठी डब्लिनला गेली आणि वॉटरफोर्डमधल्या त्या अरुंद, जुन्या घरात पद्मजा एकटी उरली. कंपनीचं काम घरूनच चालायचं. मीटिंग संपून हेडफोन काढला की फ्रिजची घरघर तेवढी सोबतीला. शनिवार-रविवारी तर दुकानातल्या मुलीला ‘थँक्यू’ म्हणण्यापलीकडे तोंड उघडायची वेळ येत नसे.

फायरप्लेसशेजारच्या भिंतीतल्या कपाटाला, इथल्या भाषेत ‘प्रेस’ला, ओल आली होती. एका शनिवारी तिने त्याची तळफळी उचकटली, तर खाली तंबाखूचा गंजका डबा. आत एकाच पट्टीला ओवलेली तीन पदकं. दोन गोल, एक चांदणीच्या आकाराचं. गोल पदकांच्या कडा कुणीतरी कानशीने घासून गुळगुळीत केल्या होत्या. चांदणीच्या पाठीवर मात्र अक्षरं शाबूत होती. एक क्रमांक, ‘एम. फेलन’ आणि रॉयल आयरिश रेजिमेंट.

घरमालक फोनवर म्हणाला, “ठेव नाहीतर टाकून दे. माझी काही हरकत नाही.”

टाकून देणं तिला जमेना. ती वाचनालयात गेली. तिथल्या बाईंनी जुनी दप्तरं उघडून दिली आणि गोल पदकांवर शिपायाचं नाव कडेलाच कोरलेलं असतं, हेही सांगितलं. ब्रिटिश फौजेतल्या त्या रेजिमेंटमध्ये एम. फेलन दोन होते. पहिल्या महायुद्धात एक मारला गेला, एक परतला. चांदणीवरचा क्रमांक परतलेल्याचा होता: मॉरिस फेलन, वॉटरफोर्डचाच. १९१५च्या स्थानिक वर्तमानपत्रात जखमींमध्ये त्याचं नाव होतं, डाव्या हाताला गोळी लागल्याचं.

शेजारच्या म्हाताऱ्या डेक्लनला विचारलं, तर तो हसायलाच लागला. “मॉरिस? तुझ्याच घरात राहायचा की. एकटाच. लग्न नाही, काही नाही. पण तो कुठला युद्धावर जातोय! इंग्लंडला कारखान्यात होता. त्याची पुतणी नोरा आहे बघ, ट्रमोरच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात.”

म्हणजे माणूस हाच की दुसराच कुणी? पुढच्या रविवारी पद्मजा डबा घेऊन नोराकडे गेली.

नोरा नव्वदीला टेकलेली, खिडकीशी बसलेली. भिंतीवर चौकटीत एक पदक होतं. तिच्या वडिलांचं, आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातलं. पद्मजाने सगळं सांगितलं तशी ती मान हलवत म्हणाली, “नाही गं. मॉरिसकाका कारखान्यात होता. माझे वडील इथे इंग्रजांशी लढत होते आणि हा तिकडे त्यांची भाकरी खात होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं.”

“त्यांच्या डाव्या हाताला काही झालं होतं का?”

“दोन बोटं वळत नसत. यंत्रात सापडली, म्हणायचा.”

पद्मजाने वर्तमानपत्रातली ती ओळ हळू वाचून दाखवली. नोराने पदकं मांडीवर घेतली आणि घासलेल्या कडांवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिली.

“हे कुणी केलं असेल?” पद्मजाने विचारलं.

“त्यानेच. दुसरं कोण करणार? फेकायची असती तर नदी काय लांब होती? ती त्याला ठेवायची होती. पण उद्या कुणाच्या हाती लागली, तर माझ्या वडिलांचा भाऊ इंग्रजांच्या फौजेत होता असं कुणी म्हणायला नको.” तिने चांदणी उलटी केली. “इथे मात्र त्याचा हात चालला नसेल.”

बाहेर कुणीतरी चहाची गाडी ढकलत नेली.

“आम्ही पोरं त्याला पळपुटा म्हणायचो,” नोरा म्हणाली. “अगदी तोंडावर. तो आम्हाला गोळ्या द्यायचा. शेवटी दवाखान्यात होता तेव्हा वडील एकदाही गेले नाहीत. मीसुद्धा नाही. तेव्हा मी चांगली शिकलेली, नोकरी करणारी बाई होते.”

नोराला धीर द्यावा तर त्या माणसावर अन्याय होणार, असं पद्मजाला वाटलं. तिने रिकामा डबा नोराजवळ सरकवला.

“तुम्ही ठेवता ना ही?”

“ठेवते. पण माझ्यामागे कोणी नाही हं. मी गेले की यांचं काय करायचं ते इथल्या लोकांना माहीत नसणार.” मग चांदणी पुढे करत, “नाव तेवढं एकदा वाच. मला दिसत नाही.”

पद्मजाने वाचलं. नोराने पुन्हा वाचायला लावलं.

बसथांब्यावर समुद्राचा वारा बोचत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हे कुणाला सांगावं, असा विचार करत पद्मजाने नागपूरला फोन लावला.

“जेवली का गं?” आईने नेहमीसारखं विचारलं.

‘हो’ तोंडात आलं होतंच. ते गिळून पद्मजा म्हणाली, “नाही. आई, तू कामात नाहीस ना? जरा बोलू या का?”

“बोल ना,” आई म्हणाली, आणि तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.