नबिलाचे पाणी तोलणारा काटा

"ओला डायपर तसाच टाकून देऊ नकोस हं, रुकय्या. आधी काट्यावर ठेव, मग कचऱ्यात."

फोनवरून आलेला हा दर्शना सिस्टरचा आवाज. मित्रांनो, मला मिळालेले हे पहिले काम. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, जरी मला कान नाहीत.

मी एक जुना वजनकाटा आहे. पीठ, साखर तोलायला स्वयंपाकघरात असतो तसला, वर काचेची तबकडी आणि पुढे आकड्यांची लहानशी खिडकी. दूरच्या कारखान्यात घडलो, बोटीने दुबईला आलो आणि तिथल्या करामा भागातल्या अलीमियाँच्या भांड्यांच्या दुकानात मांडणीवर बसलो. वाटायचे, एखादी हौशी बाई आपल्याला नेईल, केकचा मैदा तोलायला लावील. पण मला न्यायला आला मुनीर. शारजाजवळ हमरिया फ्री झोनमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, काम करणारा, दाढी वाढलेला, डोळे लाल झालेला माणूस.

"बाळासाठी हवाय," तो म्हणाला.

अलीमियाँ हसले. "अरे मुनीर, बाळाचा काटा वेगळा असतो. यावर बाळ मावेल का?"

"बाळ नाही तोलायचं, चाचा. तिची शू तोलायचीय."

अलीमियाँचे हसू थांबले. त्यांनी माझ्यात नवे सेल घातले आणि मला मुनीरच्या हातात दिले.

मुनीर आणि रुकय्याची मुलगी नबिला वेळेआधी जन्मली होती. जन्मताच ती रडली नाही. तिला श्वास घ्यायला लावण्यात जो वेळ गेला, त्यात तिच्या इवल्या किडन्यांना रक्त पुरेसे पोचले नाही. त्या थकून बसल्या. लघवी जवळजवळ थांबली, अंगावर सूज आली. हॉस्पिटलमधल्या काचेच्या पेटीत ती कितीतरी दिवस होती. मग हळूहळू किडन्या जाग्या झाल्या. घरी सोडताना तिथल्या नर्सने, म्हणजे गुहागरच्या दर्शना सिस्टरने, रुकय्याला आपल्या भाषेत सगळे समजावले. डायपर आधी कोरडा तोलायचा, मग ओला. वाढलेले वजन म्हणजे लघवी. कमी झाली तर लगेच फोन.

मग माझे खरे आयुष्य सुरू झाले. रुकय्या ओला डायपर पिशवीत घालून माझ्यावर ठेवी आणि ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत आकडा बघे. माझ्यासारख्या काट्यापुढे माणसे पीठ तोलताना हिशेब करतात, ही आई मात्र वाट बघत असे. कामावरून मुनीरचा फोन यायचा.

"किती?"

"कालच्यापेक्षा जास्त."

"अलहमदुलिल्ला! येताना जिलबी आणतो. पोरीच्या शूवर मिठाई वाटणारा बाप अख्ख्या दुबईत दुसरा नसेल!"

रुकय्या हसायची. हसता हसता डोळे पुसायची. कौतुकाचे ते दिवस मी विसरलेलो नाही.

डायपर तोलण्याच्या दिवसांतल्या शेवटच्या तपासणीला मलाही पिशवीत घालून नेले होते, वॉर्डातल्या काट्याशी ताडून बघायला. तिथे दर्शना सिस्टरने नबिलाच्या तळव्याला हळूच गुदगुल्या केल्या आणि ती म्हणाली, "किडनी सावरलीय गं. पण एकदा दुखावलेली आहे, हे विसरू नकोस. मूल हसतं, खेळतं, आणि आतल्या आत बीपी चढत असतं. कळतच नाही. म्हणून दरवर्षी बीपी बघायचं, लघवी तपासायची. वाढदिवसाला आधी तपासणी, मग केक. देतेस शब्द?"

"दिला, ताई," रुकय्या म्हणाली.

सुरुवातीचे वाढदिवस तसेच झाले. मग घर बदलले, करामातून ते शारजात आले. दर्शना सिस्टर दुसऱ्या देशात गेली. नबिला शाळेत जाऊ लागली. एका वाढदिवसाला सगळे गावी होते, पुढच्या वेळी मुनीरला सुट्टी मिळाली नाही. आणि पोरगी तर ठणठणीत! जिने अख्खा फ्लॅट डोक्यावर घ्यावा, तिला डॉक्टरकडे कशाला न्यायचे? मित्रांनो, दुखणे दिसले की सगळे धावतात. न दिसणाऱ्या दुखण्याची आठवण ठेवायला मात्र फार जपावे लागते. मीही वरच्या कपाटात बिर्याणीच्या पातेल्यामागे गेलो. माझे सेल संपले. माझ्यावर धूळ बसली.

यंदा रमजानमध्ये दाभोळहून दादी आल्या. मुनीरची आई. त्यांच्या नातीचा, नबिलाचा, पहिला रोजा ठरला. तुम्हाला ठाऊक असेल, मुलाचा पहिला रोजा म्हणजे घरात सणच. नवा ड्रेस, गळ्यात फुलांचा हार, संध्याकाळी इफ्तारला शेजारीपाजारी. खजुराच्या वड्यांसाठी रुकय्याने मला खाली काढले, ओल्या फडक्याने तीनदा पुसून पाक-साफ केले, नवे सेल घातले आणि माझ्यावर खजुरांची ताटली ठेवली.

दादी बघतच राहिल्या. "अगो, हा तोच काटा ना? ह्यावर तू पोरीचे डायपर तोलायचीस, आणि आता त्यावर खजूर?"

"पुसून घेतलाय अम्मी, तीनदा," रुकय्या हसून म्हणाली.

आणि ती एकदम थांबली. तिचा हात ताटलीवरच राहिला. बराच वेळ तिने माझ्या खिडकीतल्या आकड्याकडे पाहिले. पण ती आकडा बघत नव्हती, हे मला कळले.

"अम्मी, नबिलाची तपासणी राहिलीय."

"कसली?"

"किडनीची. किती वर्षं झाली, मी नेलंच नाही. आणि उद्या दिवसभर तिला पाण्याचा थेंब नाही."

मुनीर दारात उभा होता. "ईद झाली की जाऊ, इन्शाल्ला. आता लोकांना बोलावून झालंय, रुकय्या. काय सांगू सगळ्यांना?"

रुकय्या कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "काहीही सांगा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तिला रोजाची नीयत करायला लावणार नाही."

आतून नबिला नव्या ड्रेसमध्ये धावत आली. "नो मम्मा! आय टोल्ड माय होल क्लास! दादी, यू प्रॉमिस्ड!"

सगळे दादींकडे बघू लागले. नातीच्या गळ्यात हार घालायला त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या. त्यांनी तिला मांडीवर ओढले.

"तू पेटीत होतीस ना, तेव्हा मी गावी रोजे धरले होते. अल्लाहकडे काय मागितलं, ठाऊक आहे? पोरीला शू होऊ दे!"

"दादीऽऽ! दॅट्स सो एम्बॅरसिंग!"

"असू दे. तुझ्या वाटणीचे रोजे मी तेव्हाच धरलेत, बाळा. रोजा कुठे पळून जात नाही. आजाऱ्याला, लहानाला सूट त्यानेच दिलीय. डॉक्टर हो म्हणाला तर हार घालीन, नाही म्हणाला तरी घालीन." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू रे, फोन कर लोकांना. इफ्तार आहेच म्हणावं, फक्त आमची पोर पाणी पिऊन बसेल."

 मुनीरने फोन काढला, पण पहिला फोन हॉस्पिटलला केला, सकाळची वेळ घ्यायला.

मित्रांनो, जन्मताना तुमच्यापैकी कुणी असे काचेच्या पेटीत राहिले असेल, तर ते तुम्हाला आठवणार नाही. घरी एकदा विचारा. दुखावलेल्या किडनीला वर्षातून एकदा भेटायला जायचे, एवढेच तिचे मागणे असते. मला वाटते, मी तोलले ते डायपर नव्हतेच, ती एका घराची काळजी होती. ती काळजी वरच्या कपाटात ठेवू नका.

आज पहाटे सहरीचे जेवण झाले, नमाज झाली. रुकय्याचा रोजा आहे. तिने मला पुसले आणि कपाटात न ठेवता ओट्यावरच ठेवले. मग एक बाटली पाण्याने काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावून नबिलाच्या हातात दिली.

"वाटेत पीत राहा, बेटा."

"अँड यू?"

"माझा आहे ना रोजा. चल."

तिने चपला घातल्या, नबिलाचे बोट धरले आणि दादींची झोप मोडू नये म्हणून दार हलकेच ओढून घेतले.