दारवाली खुर्ची

माझा धाकटा मुलगा खुर्चीत शिरून, दार लावून जेवतो. म्हातारीच्या लिहिण्यात काही चुकलं असं समजू नका. खुर्चीलाच दार आहे. विमानात जास्तीचं भाडं भरून पुढे बसणाऱ्यांसाठी आमच्या कारखान्यात ती नमुन्याची बनवली आहे, एकच. गेले पंधरा दिवस एकची घंटा झाली की हा पठ्ठ्या डबा घेऊन तिच्यात बसतो, दार सरकवून घेतो आणि दोन वाजता तोंड पुसत बाहेर येतो. वय वर्षं चव्वेचाळीस.

आमच्याकडे जेवण कटिंगच्या टेबलावर होतं. कातऱ्या बाजूला सारायच्या, रेक्झीनचा जुना तुकडा उलटा अंथरायचा आणि मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी डबे उघडायचे. माझ्या नवऱ्याने घातलेली ही रीत एकोणचाळीस वर्षांत मोडली नाही. आमचं दोघांचं बोलणं बंद असायचं तेव्हाही आम्ही टेबलाच्या दोन टोकांना बसायचो आणि मीठ मास्तरांमार्फत मागायचो.

तक्रार घेऊन आले ते हेच मास्तर, आमचे कटिंगवाले. चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

"वहिनी, मालक आमच्यात जेवत नाहीत."

"पोट बिघडलंय का त्याचं?"

"पोट कसलं बिघडतंय! चापून जेवतात. दार लावलं तरी वास येतोच की."

मग खरं बोलले. बसच्या सीटांचं काम आटून दोन वर्षं झाली. गुरुवारी विमान कंपनीची माणसं नमुना बघायला येणार. काम मिळालं तर ठीक, नाहीतर बावीस माणसांचं काय, हे कुणालाच ठाऊक नाही. "लोक मला विचारतात. मी कुणाला विचारू? मालकांनी तर दार लावून घेतलंय."

सोमवारी बरोबर एकला मी कारखान्यात पोचले. पायऱ्या चढताना चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आला आणि मला पस्तीस वर्षांपूर्वीची भूक लागली. आत सगळे टेबलाशी बसलेले. मला बघून उठायला लागले, मी हातानेच बसा म्हटलं आणि सरळ कोपऱ्यात गेले. लाकडी ओट्यावर ती खुर्ची उभी होती. खुर्ची कसली, छातीएवढ्या भिंतींचं कपाटच. मी दारावर टकटक केलं.

"कोण आहे?"

"तुला जन्म देणारी."

दार सरकलं. गालात घास तसाच.

"आई, अगं मी टेस्ट करतोय. आत बसून कसं वाटतं ते बघायला नको?"

"पंधरा दिवस? कारखान्यात काम करतोस की अंडी उबवतोस?"

टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. ही आमची शिलाईवाली, जिला सगळे पोपट म्हणतात. धाकट्याने मला खुणेने जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"सगळे रोज विचारतात गं, काम मिळणार ना म्हणून. आणखी एक कारखाना आहे शर्यतीत, मोठा. हे काम गेलं तर महिनाअखेरीला अकरा जणांना घरी पाठवावं लागेल. कुणाला, तेही मला कळत नाही. त्यांच्यासमोर घास उतरत नाही माझा."

मला राग यायला हवा होता. आला नाही, म्हणून मी आवाज चढवला. "ऊठ. मला बसू दे."

मी बसले. त्याने दार कसं लावायचं ते दाखवलं. दार सरकलं, कारखाना दिसेनासा झाला आणि टेबलावरच्या गलक्यावर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं झालं.

मी तरुण असताना आमचं दुकान आणि घर एकाच खोलीत होतं. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. सासू, सासरे, दोन दीर, आमची दोन मुलं आणि शिलाईचं मशीन. दार म्हणावं असं काही नव्हतंच, होतं ते दुकानाचं शटर. पण कोपऱ्यात रेक्झीनचे गठ्ठे उभे करून ठेवलेले असायचे आणि त्यांच्यामागे एका माणसापुरती जागा उरायची. दुपारी सगळं आवरलं की मी तिथे काथ्याच्या पोत्यावर जाऊन बसायची. रडायला नाही हो. रडायला मला वेळही नव्हता आणि हौसही नव्हती. नुसती पाय लांब करून बसायची. रेक्झीनचा तो नवाकोरा वास, पाठीला थंडगार भिंत, आणि दहा मिनिटं कुणाची सून नाही, कुणाची वहिनी नाही, कुणाची आई नाही.

सासूबाई हाक मारायच्या. हे सांगायचे, "माल बघतेय ती." आणि गठ्ठ्यांकडे पाठ करून उभे राहायचे. मोजलेलंच कापड टेपने पुन्हा मोजत बसायचे. आत कधी डोकावले नाहीत. दहा मिनिटं झाली की घसा खाकरायचे. मी पदर झटकून बाहेर यायची, आणि हे माझ्याकडे न बघता म्हणायचे, "मिळाला का माल?" आयुष्यभर यावर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली.

तर मी त्या खुर्चीत बसले होते आणि बाहेर कुणीतरी घसा खाकरेल म्हणून कान देत होते. कुणी खाकरलं नाही. डोळ्यांत काहीतरी आलं, ते पुसायला डावा हात उचलला, तर कोपर दाराच्या पट्टीवर असं आपटलं की मुंग्या करंगळीपर्यंत गेल्या.

मी दार उघडलं. "ही पट्टी कसली?"

"रेल आहे ती. दार त्यात सरकतं."

"आणि माझं कोपर कुठे सरकायचं? माप कुणाचं घेतलंस?"

"कॉम्प्युटरवर असतो ना माणूस, त्याचं. शिवाय मी स्वतः रोज बसतोय."

"तू! तुझ्यात आणि टेपमध्ये फरक तो काय? आणि कॉम्प्युटरवरचा माणूस बसल्यावर पसरतो का?"

हे त्यालाही माहीत होतं. त्याच्या वडिलांनी रिकाम्या सीटच्या मापावर कधी कातर चालवली नाही. सीट तयार झाली की तीन माणसं बसवायचे, एक बारीक, एक मध्यम, एक जाडं. पाव पाव तास बसवायचे, फोम दबू द्यायचे, माणसाला आळसावू द्यायचे आणि मग टेप लावायचे. त्याला आम्ही बसतं माप म्हणायचो. सुरुवातीला मी त्यांचं मध्यम माणूस होते. पुढे बढती मिळाली.

धाकट्याने टेप आणला. मी बसून राहिले, त्याने गुडघ्यावर बसून मोजलं. पुन्हा मोजलं. "चार बोटं जागा कमी आहे," तो म्हणाला. आवाज अगदी बापासारखा आला. "रेलने खाल्ली. पण आई, रेल काढली तर दार जाईल. आणि दार नसेल तर ते नमुन्याकडे बघणारसुद्धा नाहीत. हल्ली सगळ्यांना दारच हवं असतं."

"दार राहू दे की. मी कुठे दाराला नाव ठेवतेय? हा उजवीकडचा कप्पा कशाला?"

"बुटांना."

"वा! बुटांना खोली आणि माणसाला बोळ."

त्याने कप्प्याकडे पाहिलं, मग पायांखालच्या पोकळ जागेकडे. बूट तिथे मावत होते, आणि कप्पा काढला की बैठक चार बोटं उजवीकडे सरकत होती. पण त्यासाठी उजवी बाजू उसवायची, पत्रा नवा कापायचा, फोम, कव्हर, सगळं परत. "गुरुवारपर्यंत मला एकट्याला जमणार नाही."

"तिकडे बावीस माणसं जेवतायत ती काय पाहुणी आली आहेत? जा, सांग त्यांना. सगळं सांग. अकराचंही."

तो ओट्यावरून उतरेना. मग मीच त्याचा अर्धा डबा उचलला आणि नेऊन टेबलावर ठेवला, मास्तरांच्या शेजारी, ह्यांच्या जागेवर. डबा तिथे आणि माणूस इथे, असं फार वेळ चालत नाही. तो गेला आणि उभ्या उभ्याच सगळं बोलला. दुसरा कारखाना, महिनाअखेर, अकरा जण, चार बोटांची चूक.

मग पोपट म्हणाली, "एवढंच होय! आम्हाला वाटलं तुम्ही कारखाना विकलात आणि तोंड लपवताय."

"पंधरा दिवस वाया घालवलेत, मालक," मास्तर म्हणाले. "खाली बसा आणि जेवा आधी. जेवून झालं की उजवी बाजू उसवू."

बुधवारी संध्याकाळी बसतं माप झालं. झाडूवाली बारीक, पोपट मध्यम, आणि तिसरं कोण ते सांगायला नको. पाव तास मी आत बसले, दार लावून. दोन्ही कोपरं टेकली.

गुरुवारी कंपनीची तीन माणसं आली. त्यांतले साहेब चांगले भरलेले होते. त्यांना बघूनच मास्तरांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. साहेब बसले, दार लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर आम्ही सगळे माना ताठ करून उभे. बाराव्या मिनिटाला दार उघडलं आणि साहेब म्हणाले, "त्या दुसऱ्या कारखान्यात बसलो तेव्हा हात कुठे ठेवायचा हेच कळत नव्हतं." आणखी काही बोलले, पण मी ऐकलं ते एवढंच. जाण्याआधी त्यांनी पहिल्या चाळीस खुर्च्यांचं नक्की केलं.

गाडी फाटकाबाहेर गेली आणि धाकट्याने मला उचलायचंच बाकी ठेवलं. "बघितलंस, आई? म्हटलं नव्हतं? दाराने काम केलं!"

सगळे ऐकत होते. ऐकू देत म्हटलं.

"दाराने डोंबल केलं! दार त्या दुसऱ्या कारखान्याच्या खुर्चीलाही होतं. साहेब बारा मिनिटं बसले ते कोपर टेकलं म्हणून. आधी माणूस नीट बसला पाहिजे, मग त्याला दार द्या, पडदा द्या, नाहीतर नुसतं कुणीतरी पाठ करून उभं राहा, सगळं चालतं. दार वाईट नाही. मला माझ्या काळी मिळालं असतं तर मी त्याला रोज तेल घातलं असतं. पण ते आतून उघडायचं असतं, हे तुला चव्वेचाळिसाव्या वर्षी आईने येऊन सांगावं लागलं, तर त्यात दाराचा दोष नाही, तुझा आहे. आता चाळीसच्या चाळीस खुर्च्यांचं बसतं माप घ्यायचं. मी येईन. पण गाडी पाठवायची, त्या पायऱ्या माझ्याच्याने रोज होत नाहीत."