विजयसिंहांचा घाट

गेल्या वर्षी छातीत स्टेंट बसला आणि विजयसिंह घरात काचेचे झाले. शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, पण अंगणात पाण्याची बादली उचलली की बायको, संयोगिता, आतून ओरडायची, "ठेवा ती खाली!" डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं, तर ती डॉक्टरांशी दोन महिने बोलली नाही.

शेवटी नवरा-बायकोत अट ठरली. कोल्हापूर ते दाजीपूर, ऐंशी किलोमीटर, शेवटच्या घाटासकट, स्वतःच्या पायानं, पाचच्या आत. जमलं तर त्यांनी घेतलेली सायकल राहील. नाही तर कोडोलीच्या भाच्याला, सम्राटला जाईल, आणि परत सायकलीचं नाव काढायचं नाही.

चूक एकच झाली. उत्साहाच्या भरात त्यांनी बायकोला रस्ता सांगितला. त्या रस्त्यावर सोयरा नाही असं गाव दुर्बीण लावून शोधावं लागतं, आणि तिनं रात्रीत सगळ्यांना फोन केले.

हळदीत चुलत मेहुणा रस्त्यातच आडवा. "दाजी, तसंच जाताय व्हय?" म्हशीखालचं तांब्याभर दूध पाजल्याशिवाय त्यानं हँडल सोडलं नाही. भोगावतीला व्याह्यांनी सकाळी दहाला ताट मांडलं. "तब्येतीचं कळलंय, म्हणून तांबडा रस्सा केलाच न्हाय. नुसता पांढरा प्या." नुसता म्हणत चार वाट्या झाल्या. नको म्हणावं तर पुढच्या लग्नापर्यंत रुसवा. राधानगरीत बायडाबाई आत्यानं तर पोळ्यांवर तूप ओतत कपाळाला हात लावला. "एवढंसं खाऊन घाट चढतूस व्हय रं विजू?"

घाट सुरू झाला तेव्हा साडेतीन वाजले होते. सायकल पुढे जायला तयार होती, पोट नव्हतं. तिसऱ्या वळणावर ते उतरून दगडावर टेकले, तोच मागून दुधाचा टेम्पो आला. त्यात सख्खा मेहुणा हंबीरराव. त्यानं काही न विचारता सायकल उचलली आणि दुधाच्या कॅनांच्या मधे उभी केली.

"बसा दाजी. ताईला कोण सांगतंय?"

विजयसिंह बसले. गार वारा लागला, बरं वाटलं. दोन वळणं गेली. बादली उचलताना ऐकू यायचा तो आवाज त्यांच्या कानात घुमला आणि एकदम स्वतःचीच लाज वाटली.

"हंबीर, थांबव! ठेव ती खाली!"

"अवो, वर जायाचंय न्हवं?"

"जायाचंय की. पन जिथनं उचललीस तिथनं."

हंबीरराव कपाळ बडवत राहिला. विजयसिंह उतारानं खाली सुटले. तिसऱ्या वळणावरच्या दगडाजवळ एक जीप उभी होती आणि दगडावर संयोगिता बसली होती, मांडीवर गोळ्यांचा डबा. सकाळपासून ती मागेच होती. त्यांना टेम्पोत बसताना तिनं पाहिलं होतं. अट जिंकली होती, तरी डोळे पुसत होती.

त्यांना खाली येताना पाहून ती उठली. "अवो, दाजीपूर वर हाय!"

"ठावं हाय." त्यांनी सायकल वळवली. "इथनं ऱ्हायलं हुतं."

ती जीपमध्ये जाऊन बसली. जीपवाल्याला फक्त म्हणाली, हॉर्न वाजवलास तर बघ. मग सायकल पुढे आणि जीप मागे, मुंगीच्या चालीनं. दोनदा ते थांबले, दोनदा जीप थांबली. कुणी उतरलं नाही, पण डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज त्यांना दोन्ही वेळा आला.

दाजीपूरला पोचले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. चहाच्या टपरीपाशी ते मान खाली घालून उभे राहिले. सायकल गेली, हे त्यांनी मनोमन मान्यही केलं.

संयोगितानं घड्याळ पाहिलं. फोन काढला. "सम्राट, सायकलीची वाट बघू नगंस रं बाबा." फोन पदरात खोचला आणि टपरीवाल्याची रिकामी बादली उचलून त्यांच्या पुढ्यात आदळली.

"बघताय काय? त्या नळावनं भरून आणा. तोंड धुवायचंय मला."

विजयसिंहांनी ती काठोकाठ भरली.